निलयातला दाब शून्याजवळ येतो, मग बीपीचा खालचा आकडा ८० कसा?

रानजाई

नववी-दहावीच्या मुलांसाठी रक्ताभिसरणाचा भिंतीवर लावायचा तक्ता करायचा आहे. एका जागी आकडे जुळत नाहीत.

डावा निलय, म्हणजे हृदयाचा डावीकडचा खालचा कप्पा, आवळतो तेव्हा त्याच्यातला दाब १२० मिमी पाऱ्यापर्यंत चढतो आणि रक्त महाधमनीत जातं, इथवर ठीक. पण निलय सैल पडला की त्याच्यातला दाब ५ ते १० पर्यंत उतरतो. दंडाला पट्टा बांधून मोजलं तर खालचा आकडा मात्र ८० येतो. पंपच जोर सोडून बसलेला असताना हे ८० कोण देतं?

याच्याच पोटात आणखी दोन प्रश्न. वयस्कर माणसांत १६०/६५ असे आकडे दिसतात. वरचा चढतो आणि खालचा उतरतो, दोन्ही एका दिशेने का जात नाहीत? आणि खालचा आकडा जितका कमी तितकं चांगलं, असं म्हणता येईल का?

कृष्णाकाठ

८० हा निलयाचा दाब नाहीच, तो धमन्यांचा आहे. दोघांच्या मध्ये महाधमनीची झडप आहे. निलयातला दाब महाधमनीतल्या दाबापेक्षा खाली आला की ही झडप मिटते, आणि तिथून पुढच्या ठोक्यापर्यंत निलयाचा नि धमन्यांचा संबंध तुटतो. निलय पाच-दहावर उतरून अलिंदातून, म्हणजे वरच्या कप्प्यातून, रक्त भरून घेत असतो. त्याच वेळी झडपेच्या पलीकडे धमन्यांमध्ये ताणलेल्या भिंतींच्या मधोमध रक्त कोंडलेलं असतं.

मुलांना सांगायला शेतातला पाठीवरचा फवारणी पंप घ्या. दांडा खाली-वर होतो तसं औषध आतल्या कोठीत टप्प्याटप्प्याने ढकललं जातं, पण नोझलमधून फवारा सलग येतो. कारण कोठीत वरच्या बाजूला हवा असते. दांडा मारला की ती दबते, दांडा उलटा फिरतो तेव्हा ती फुगून औषध पुढे रेटते. कोठीतलं औषध मागे टाकीत जाऊ नये म्हणून खाली झडप असते. शरीरात हवेच्या जागी महाधमनीची लवचिक भिंत आहे. विश्रांतीत एका ठोक्याला सुमारे ७० मिली रक्त बाहेर पडतं. त्यातलं साधारण निम्मं त्याच क्षणी पुढे जातं, उरलेलं महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्या फुगून स्वतःत सामावून घेतात. निलय सैल असताना भिंती पूर्ववत होतात आणि ते रक्त पुढे सारतात. स्टीफन हेल्स यांनी १७३३ मध्ये नेमकी हीच तुलना त्या काळच्या आगीच्या बंबातल्या हवेच्या कोठीशी केली होती. घोडीच्या धमनीत नळी घालून काचेच्या नळीत रक्त ८ फुटांहून वर चढलेलं त्यांनी पाहिलं होतं.

पण नुसती कोठी पुरत नाही. नोझल काढून नळी मोकळी सोडली तर कोठीत दाब धरत नाही. शरीरातलं नोझल म्हणजे धमनिका, केशवाहिन्यांच्या अलीकडच्या बारीक स्नायूभिंतीच्या नळ्या. महाधमनीतला सरासरी दाब ९३ धरला तर धमनिका ओलांडून केशवाहिनीच्या तोंडाशी तो ३०-३५ वर आलेला असतो. सगळ्यात मोठी घसरण इथेच होते. नळीची त्रिज्या २० टक्क्यांनी आवळली तरी तेवढ्याच दाबाला प्रवाह ४१ टक्क्यांवर येतो, कारण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. म्हणून या नळ्यांच्या भिंतीतला इवलासा स्नायू अख्ख्या शरीराचा रक्तदाब हलवतो, आणि बीपीच्या बऱ्याच गोळ्या त्यालाच सैल करतात.

आता ८० कसा येतो ते गणिताने पाहू. ठोके ७२, प्रत्येकी ७० मिली, म्हणजे मिनिटाला ५ लिटर, सेकंदाला ८४ मिली. ९३ भागिले ८४ केलं की अडथळा १.१ येतो. तरुण माणसाच्या धमन्यांत दाब १ मिमीने वाढवायला साधारण दीड मिली रक्त जास्त कोंबावं लागतं. १.१ गुणिले १.५ म्हणजे सुमारे १.६५ सेकंद. हृदय थांबलंच तर इतक्या वेळात धमन्यांतला दाब मूळच्या ३७ टक्क्यांवर उतरेल, असा या आकड्याचा अर्थ. पण हृदय इतका वेळ देतच नाही. ७२ च्या गतीला एक फेरी ०.८३ सेकंदाची असते, त्यात आवळणं ०.३ आणि सैल पडणं ०.५३. झडप मिटताना दाब १०५ असेल तर ०.५३ सेकंदांनंतर तो ७६ ते ८० च्या दरम्यान येतो, आणि तेवढ्यात पुढचा ठोका पडतो.

तुमचा दुसरा प्रश्न याच गणितात सुटतो. वयाबरोबर महाधमनीच्या भिंतीतले लवचिक धागे तुटत जातात, त्यांची जागा ताठ धागे घेतात, कधी चुनाही साठतो. लवचिकता निम्मी झाली असं धरा. तेच ७० मिली रक्त न फुगणाऱ्या नळीत शिरतं, म्हणून वरचा आकडा उसळतो. कोठीत साठा मात्र थोडाच होतो, म्हणून दाब लवकर ओसरतो: १.६५ ऐवजी ०.८३ सेकंद. १२५ वरून सुरुवात केली तरी पुढच्या ठोक्यापर्यंत तो ६६ वर आलेला असतो. तुम्ही लिहिलेलं १६०/६५ ते हेच. फवारणी पंपाच्या कोठीत हवा उरली नाही की प्रत्येक दांड्याला फवारा जोरात येतो आणि मधे पडतो, तसं.

आणि झडपच नीट मिटत नसेल तर? मग महाधमनीतलं रक्त मागे निलयात गळतं. खालचा आकडा ५० किंवा त्याहूनही खाली जातो, नाडी बोटाला धाडकन लागून लगेच ओसरते. संधिवाताच्या तापाने, म्हणजे लहानपणी घसा बिघडल्यावर येणाऱ्या त्या तापाने, झडपेची पाती आखडली की असं होऊ शकतं. खालच्या आकड्याची राखण झडप करते, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

आडवाट

कृष्णाकाठ यांच्या हिशेबात एक दुरुस्ती. तो हिशेब धमन्यांतला दाब शून्याकडे उतरतो असं धरून केला आहे. थोड्या वेळापुरतं ते चालतं, पण हृदय थांबलं तरी दाब शून्यावर जात नाही. धमन्या रित्या होतात, शिरा भरतात आणि सगळीकडे एकच दाब उरतो, तो दहाच्या आसपास. रक्तवाहिन्या रक्ताने थोड्या ताणलेल्या असतात, त्यामुळे हा दाब टिकतो. शिरांकडून हृदयाकडे रक्त परतण्यामागे हाच दाब आहे, म्हणून त्याला विसरू नये.

आता तिसरा प्रश्न. खालचा आकडा जितका कमी तितकं चांगलं, हे खरं नाही, आणि त्याचं कारण हृदयाच्या स्वतःच्या रक्तपुरवठ्यात आहे. हृदयाला रक्त देणाऱ्या दोन धमन्या महाधमनीच्या झडपेच्या लगेच वर फुटतात. निलयाची भिंत आवळलेली असताना तिच्यातून जाणाऱ्या बारीक वाहिन्या चेपल्या जातात, आतल्या थरातल्या तर जवळजवळ बंदच होतात. म्हणून डाव्या निलयाला रक्त मुख्यतः तो सैल असताना मिळतं. त्या वेळी रक्त पुढे रेटणारा दाब कोणता? खालचा आकडा. इतर अवयव विश्रांतीत रक्तातल्या ऑक्सिजनचा सुमारे चौथा भाग घेतात, हृदय मात्र दोन तृतीयांशाहून अधिक आधीच काढून घेतं. मागणी वाढली तर त्याच रक्तातून जास्त काढण्याची सोय त्याला फारशी नसते, रक्तच जास्त यावं लागतं.

त्यात गती वाढली की कात्री लागते ती सैल पडण्याच्या वेळेला. ७२ ठोक्यांना मिनिटातले सुमारे ३८ सेकंद निलय सैल असतो, १५० ठोक्यांना अंदाजे २५. मागणी दुपटीने वाढलेली आणि रक्त मिळायची वेळ कमी झालेली, अशी स्थिती. तरुण निरोगी माणसात धमन्या रुंद होऊन हे सांभाळतात. अरुंद झालेल्या धमनीला रुंद होता येत नाही आणि छातीत चालताना दुखू लागतं.

म्हणून हृदयाच्या धमन्या अरुंद असलेल्या वयस्कर माणसाचा वरचा आकडा खाली आणताना डॉक्टर खालच्याकडेही बघतात, आणि तो ६० च्या खाली गेला तर गोळ्यांचा डोस पुन्हा तपासतात. हा निर्णय त्यांचा. खालचा आकडा ५८ दिसला म्हणून स्वतःहून गोळी बंद करू नये. वरचा १६०-१७० वर राहिला तर मेंदूतल्या रक्तवाहिनीला असणारा धोका तसाच राहतो.

रानजाई

दोघांचेही आभार, फवारणी पंप तक्त्यावर येणार. दोन शंका. मनगटावर नाडी लागते तेव्हा हृदयातून नुकतं निघालेलं रक्त तिथे पोचलेलं असतं का? आणि मुलांना वर्गात बीपी मोजून दाखवायचं तर पट्टा फुगवल्यावर ऐकू येणारा आवाज कशाचा असतो?

आडवाट

नाही, पोचते ती दाबाची लाट. महाधमनीत रक्त सेकंदाला सरासरी २०-३० सेंटीमीटर सरकतं. भिंतीतून धावणारी लाट तरुण माणसात सेकंदाला पाचेक मीटर जाते, म्हणून ठोक्यानंतर सेकंदाच्या दहाव्या-सातव्या हिश्श्यात ती मनगटावर लागते. ते रक्त मागून येतं, आणि केशवाहिन्यांत तर त्याचा वेग सेकंदाला एक मिलिमीटरहूनही कमी होतो, तिथे देवाणघेवाणीला वेळ हवाच.

धमन्या ताठ झाल्या की लाटेचा वेग दहा मीटरच्या पुढे जातो. लाट फांद्यांवर आपटून मागे फिरते. तरुणात ती परत येईपर्यंत झडप मिटलेली असते, म्हणून ती हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांना मदत करते. वयस्करात ती लवकर परतते, निलय अजून आवळलेला असतानाच आडवी येते आणि वरचा आकडा आणखी चढवते. १६०/६५ मागचं हे दुसरं कारण.

सोनकी

मोजण्याबद्दल मी लिहिते, कारण इथेच आकडे सगळ्यात जास्त चुकतात.

आवाजाचं कारण धाग्यातल्या मूळ प्रश्नाला चिकटूनच आहे. पट्ट्यातला दाब वरच्या आकड्याहून जास्त असेल तर धमनी पूर्ण दबलेली, रक्त नाही, आवाज नाही. दाब वरच्या आणि खालच्या आकड्यांच्या मधे असेल तर प्रत्येक ठोक्याच्या शिखराला धमनी क्षणभर उघडते, रक्ताची चिळकांडी फुटते आणि ती पुन्हा मिटते. कानाला लागते ती ही टकटक. पट्टा खालच्या आकड्याखाली उतरला की धमनी पूर्ण वेळ उघडी राहते, रक्त सलग वाहतं आणि आवाज बंद होतो. निकोलाय कोरोत्कॉफ यांनी हे आवाज १९०५ मध्ये मांडले, म्हणून त्यांचंच नाव आहे.

आधी माणसाला पाच मिनिटं गप्प बसू द्या. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. लघवी तुंबलेली नसावी, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा हृदयाच्या पातळीत, म्हणजे छातीच्या मध्याशी येईल. हात लोंबकळत असेल तर दर १० सेंटीमीटरला आकडा ७-८ ने जास्त येतो, कारण तेवढ्या रक्तस्तंभाचं वजन त्यात मिळतं. बोलत बोलत मोजलं तरी चढतो.

पट्ट्याचं माप फार महत्त्वाचं. आतल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के हवी. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा ५ ते २० ने खोटा वाढतो, आणि माणसाला नसलेल्या आजाराची गोळी लागू शकते. २७ ते ३४ सेंटीमीटर घेराला मोठ्यांचा नेहमीचा पट्टा चालतो, त्यापुढे मोठा घ्यावा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. बाही वर सरकवून दंडाला काच बसत असेल तर ती उतरवावी.

मग मनगटाची नाडी धरून पट्टा फुगवा आणि नाडी कुठे गायब होते ते बघा. हवा सोडा, मिनिटभर थांबा. आता स्टेथोस्कोप कोपराच्या घडीत आतल्या बाजूला ठेवून नाडी गेली त्याच्या ३० वर फुगवा. ही पायरी लोक गाळतात. काहींच्या बाबतीत, खास करून रक्तदाब जास्त असलेल्या वयस्करांत, आवाज सुरू होऊन मधेच बंद पडतात आणि खाली पुन्हा सुरू होतात. कमी फुगवलं असेल तर ती दुसरी सुरुवात म्हणजेच वरचा आकडा असा समज होतो आणि १८० चा माणूस १४० ठरतो. हवा सेकंदाला २-३ मिमीने सोडा. भसकन सोडली तर वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त वाचला जातो. पहिली टकटक म्हणजे वरचा, आवाज पूर्ण थांबला म्हणजे खालचा. मिनिटभराने पुन्हा मोजून सरासरी घ्या. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा आणि जास्त आकडा येईल तो हात पुढे नेहमी वापरा.

घरच्या बॅटरीच्या यंत्राबद्दल एक गोष्ट. ते आवाज ऐकत नाही, पट्ट्यातली थरथर मोजतं. थरथर सरासरी दाबाजवळ सर्वात मोठी असते, वरचा-खालचा आकडा ते हिशेबाने काढतं. म्हणून नाडी अनियमित असेल तर त्याचे आकडे दर वेळी वेगळे येतात, तेव्हा तीन वेळा मोजावं किंवा कानाने ऐकावं. घरी सरासरी १३५/८५ आली तर ती दवाखान्यातल्या १४०/९० च्या बरोबरीची धरतात.

भुईकमळ

दोन आकड्यांतला फरक वाढतो त्यावर बोलणं झालं, तो कमी होतो त्यावरही लिहायला हवं, कारण पावसाळ्यानंतर इथे डेंग्यू असतोच.

डेंग्यूत केशवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातला द्रव, म्हणजे प्लाझ्मा, बाहेर झिरपतो. निलयात भरायलाच रक्त कमी येतं, ठोक्याला ७० ऐवजी ४०-५० मिली बाहेर पडतं, वरचा आकडा उतरू लागतो. शरीर धमनिका आवळून दाब धरून ठेवतं. नोझल घट्ट केल्यावर कोठीतला दाब ओसरत नाही, तसा खालचा आकडा उतरत नाही, उलट थोडा चढतोही. मग आकडे १००/८५ असे दिसतात. घरच्यांना वाटतं शंभर आहे, ठीक आहे. पण दोघांतला फरक २० किंवा त्याहून कमी झाला म्हणजे रुग्ण धक्क्याच्या, शॉकच्या दारात आहे, आणि वरचा आकडा कोसळायची वाट बघायची नसते.

ही वेळ बहुतेकदा आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, नेमकी ताप उतरताना येते. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नये. हातपाय गार पडणं, पोटात सतत दुखणं, सारख्या उलट्या, लघवी कमी होणं, सुस्ती किंवा अस्वस्थपणा, यातलं काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठावं. सगळ्यांचं लक्ष प्लेटलेटच्या आकड्याकडे असतं. पण प्लाझ्मा किती झिरपला हे रक्ताचा घट्टपणा सांगतो: अहवालात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, मूळच्यापेक्षा २० टक्क्यांनी वाढलं की गळती मोठी आहे. प्लेटलेट इतकंच लक्ष त्याच्याकडे आणि दोन आकड्यांमधल्या फरकाकडे दिलं पाहिजे.

रानजाई

हे वर्गात सांगितलं की घरोघरी पोचेल. आता तक्त्यावर नेमकं काय काढू? जागा एका आलेखाची आहे.

कृष्णाकाठ

एकाच आलेखावर दोन रेषा काढा. आडव्या अक्षावर ० ते ०.८३ सेकंद, उभ्यावर ० ते १४० मिमी पारा.

पहिली रेषा डाव्या निलयाची. सुरुवातीला ८-१० वर. अलिंद आणि निलय यांमधली झडप मिटते आणि रेषा जवळपास सरळ वर जाते. या टप्प्यात रक्त कुठेच जात नाही, चारी बाजूंनी बंद असलेला निलय फक्त आवळत असतो. ८० ला ती दुसऱ्या रेषेला भेटते, तिथे महाधमनीची झडप उघडते. म्हणजे खालचा आकडा हा निलयाला दर ठोक्याला ओलांडावा लागणारा उंबरठाही आहे. तो उंच असेल तर झडप उघडायलाच जास्त जोर लागतो आणि वर्षानुवर्षांत निलयाची भिंत, जी साधारण एक सेंटीमीटर जाड असते, आणखी जाड होते. पुढे दोन्ही रेषा जोडीने १२० वर जाऊन खाली वळतात. १०५ च्या सुमारास झडप मिटते. इथून निलयाची रेषा कड्यावरून कोसळल्यासारखी पाचवर आणा.

दुसरी, महाधमनीची रेषा इथे एक छोटी खाच दाखवेल, मागे वळू पाहणारं रक्त मिटलेल्या झडपेवर आदळल्याची. तिथून ती हळूहळू ८० पर्यंत उतरते. खाचेपासून शेवटपर्यंत दोन रेषांमधली जागा रंगवा. तुमचा मूळ प्रश्न त्या रंगवलेल्या पट्ट्यात आहे.

जागा उरली तर कोपऱ्यात उजव्या निलयाची छोटी रेषा काढा, शिखर फक्त २५. त्याला शेजारच्या फुप्फुसातूनच रक्त ढकलायचं असतं, म्हणून त्याची भिंत ३-४ मिलिमीटरची. पण दोन्ही निलय मिनिटाला तेवढंच रक्त बाहेर टाकतात, हे शेजारी लिहा, मुलं इथे हमखास गोंधळतात.

आणि शिरा निळ्या रंगवल्यात तर खाली टीप द्या. शिरेतलं रक्त गडद लाल असतं. विश्रांतीत हृदयाकडे परतणाऱ्या रक्तात हिमोग्लोबिनचा सुमारे ७५ टक्के भाग अजून ऑक्सिजनने भरलेला असतो, त्यामुळे 'अशुद्ध रक्त' हा शब्द तक्त्यावर नकोच, 'कमी ऑक्सिजनचं रक्त' लिहा.